अर्धं बक्षीस, दुप्पट दुखापत

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बॅडमिंटन हॉलमध्ये सकाळी सहाला जाऊन बघा. कोर्टावर चौघं, बाकावर चौघं, आणि ‘पुढची गेम आमची’ म्हणून आधीच नंबर लावून बसलेले दोन काका. सगळे डबल्स खेळत असतात. सिंगल्स खेळायला कोर्ट कुणी देत नाही, आणि चाळिशीनंतर गुडघेही देत नाहीत. म्हणजे आपल्याला हातानं ठाऊक असलेलं बॅडमिंटन दुहेरीचंच. तरी कुणालाही मोठी नावं विचारा: नंदू नाटेकर, प्रकाश पदुकोण, गोपीचंद, सायना, सिंधू. सगळी एकेरीतली. ऑलिंपिकमध्ये भारताला बॅडमिंटनची तीन पदकं मिळाली, तीही एकेरीतलीच.

एवढ्यावरून वाटतं की दुहेरी हा खेळाचा धाकटा भाऊ असावा. प्रत्यक्षात ऑलिंपिकमधल्या बॅडमिंटनच्या पाच प्रकारांपैकी तीन दुहेरीचे आहेत: पुरुष, महिला आणि मिश्र. पुरुष संघांच्या थॉमस चषकाच्या लढतीत पाच सामने असतात, त्यात दोन दुहेरीचे. स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघांच्या सुदिरमन चषकात पाचापैकी तीन. ज्या देशाकडे दुहेरीच्या जोड्या नाहीत तो सांघिक स्पर्धेत एक हात बांधूनच उतरतो. भारत कित्येक वर्षं तसाच उतरत होता.

तर दुहेरीच्या व्यावसायिक खेळाडूचं करिअर नेमकं चालतं कसं? क्रमवारी कुणाची, पैसे किती, जोडीदार दुखावला तर काय, आणि तो निवृत्त झाला तर काय? समजून घ्यायला सर्वांत सोयीचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्र प्रदेशातल्या अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी.

दुहेरीच्या जोडीला लोक लग्नाची उपमा देतात. मला बैलजोडीची जास्त पटते. बाजारात जोडीची किंमत म्हणजे दोन बैलांच्या किमतीची बेरीज नसते; चाल जुळलेली असेल तर जोडी महाग, नसेल तर दोन्ही बैल एकेकटे विकायची वेळ येते. आणि एक लंगडला की दुसरा धडधाकट असूनही दावणीला उभा. दुहेरीच्या खेळाडूचं आयुष्य या शेवटच्या वाक्यात बरंचसं येतं.

जोडी जमवतात, जमत नाही

चिरागचा जन्म जुलै १९९७चा. गोरेगावात उदय पवारांच्या अकादमीत तो घडला आणि पुढे हैदराबादला गोपीचंद अकादमीत गेला. सात्विक त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, ऑगस्ट २०००चा. दोघांचे जोडीदार आधी वेगळे होते. चिराग एम. आर. अर्जुनबरोबर खेळायचा, सात्विक कृष्णप्रसाद गरागाबरोबर. २०१६च्या सुमारास भारताचे दुहेरीचे प्रशिक्षक, मलेशियाचे टॅन किम हर, यांनी या दोघांना एकत्र आणलं.

कागदावर हा निर्णय विचित्र होता. जोडीत साधारणपणे एक जण मागून ठोकणारा असतो आणि एक जण नेटवर हात चालवणारा. हे दोघंही सहा फुटी आणि दोघांनाही मागून स्मॅश मारायची हौस. दोन्ही बैल उजव्या बाजूचे म्हणा ना. पण टॅन यांचं गणित वेगळं होतं. दोघं उंच आहेत, दोघांचा स्मॅश जड आहे, मग कुणीही मागे गेला तरी हल्ला थांबणार नाही. नेटवरचं काम शिकवता येतं, उंची शिकवता येत नाही. पुढे चिरागनं नेटचा ताबा घेतला आणि सात्विक मागून तोफ चालवू लागला. अर्थात सामन्यात ही वाटणी दर चार फटक्यांनी उलटते.

इथे आपल्याकडची आणि इंडोनेशियाकडची पद्धत वेगळी पडते. आपल्याकडे दुहेरीकडे वळणं म्हणजे बहुतेकदा ‘एकेरीत जमलं नाही’ असंच मानलं गेलं. इंडोनेशियात, चीनमध्ये, कोरियात मुलगा किशोरवयात असतानाच हा दुहेरीचा, हे ठरवून त्याला घडवतात. मध्य जावातल्या कुडुस गावच्या पीबी जारुम क्लबातून आलेला केविन संजया सुकामुल्जो हा बुटका, विजेसारखा खेळाडू एकेरीत जगात पहिला आला असता असं मला वाटत नाही. दुहेरीत तो मार्कस गिडिऑनबरोबर कित्येक वर्षं पहिला होता. दुहेरीला लागणारं शरीर वेगळं, डोळा वेगळा आणि स्वभावही वेगळा.

सहा मीटर रुंदीतलं भांडण

कोर्टाची लांबी दोन्ही प्रकारांत तीच, १३.४० मीटर. रुंदी एकेरीत ५.१८ आणि दुहेरीत ६.१०. म्हणजे दुहेरीत माणसं दुप्पट आणि जागा फक्त ९२ सेंटिमीटर जास्त. मोकळी जागा शोधून तिथे फूल, म्हणजे शटल, टाकायचं हा एकेरीचा मूलमंत्र इथे चालत नाही, कारण मोकळी जागाच नसते. ती तयार करावी लागते, आणि ती तयार होते दोघांच्या मधोमध. चांगल्या जोड्या सर्वांत जास्त फटके कडेला मारत नाहीत, दोघांच्या मध्ये मारतात. ‘तुझं की माझं’ या अर्ध्या क्षणाच्या गोंधळावर गुण मिळतात. आमच्या हॉलमध्ये हा गोंधळ मोठ्या आवाजात, नावं घेऊन होतो; व्यावसायिक जोडीत तो दिसतही नाही, फक्त रॅकेट किंचित उशिरा येते.

सगळ्यात मोठा फरक सर्व्हिसचा. दुहेरीत सर्व्हिससाठी मागची रेषा ७६ सेंटिमीटर आत असते. त्यामुळे सर्व्हिस पडायची चौकट एकेरीपेक्षा रुंद पण आखूड होते, पुढून मागे जेमतेम ३.९६ मीटर. लांब सर्व्हिस फार लांब जाऊच शकत नाही, म्हणून समोरचा बिनधास्त पुढे येऊन, रॅकेट वर धरून उभा राहतो. सर्व्हिस नेटवरून एक बोट जरी उंच गेली तरी तो ती खाली दाबून टाकतो. त्यात २०१८पासून नियम आला की सर्व्हिस करताना फटक्याच्या क्षणी पूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. सहा फुटी माणसाला हे वाकूनच करावं लागतं.

म्हणून दुहेरीतले बहुतेक गुण पहिल्या तीन फटक्यांत ठरतात: सर्व्हिस, तिचा परतावा आणि त्यावरचा पहिला फटका. उद्देश एकच, समोरच्याला शटल वर उचलायला लावायचं. ज्यानं उचललं तो बचावात गेला. बचाव करणारे दोघं शेजारी-शेजारी उभे राहतात, हल्ला करणारे एकामागे एक. रॅली चालू असताना चौघंही या दोन रचनांमधून सतत फिरत असतात. यालाच रोटेशन म्हणतात, आणि हेच शिकायला वर्षं लागतात. जोडीदार कुठे आहे हे मागे वळून न बघता कळलं पाहिजे. ते पाठीला डोळे असल्यामुळे कळत नाही. ‘मी इथे आलो म्हणजे तो तिथे गेलाच असेल’ एवढा विश्वास लागतो.

सर्व्हिस किती निर्णायक आहे याचा मजेदार पुरावा २०२३मध्ये मिळाला. डेन्मार्कच्या मार्कस रिंडशॉय या खेळाडूनं शटल हातातून सोडताना बोटांनी त्याला गिरकी द्यायला सुरुवात केली. शटल असं काही डगमगत यायचं की भल्याभल्यांना परतवता येईना. रॅलीच संपल्या. जागतिक संघटनेनं काही आठवड्यांत ही सर्व्हिस बंद केली.

आता सात्विकच्या स्मॅशबद्दल, कारण तो आकडा सगळ्यांना पाठ आहे आणि बहुतेकांना चुकीचा समजलेला असतो. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये सोका इथे त्याच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. आधीचा विक्रम मलेशियाच्या टॅन बून हियाँगचा, ४९३चा. पण हा वेग रॅकेटवरून शटल सुटतानाचा, आणि तोही सामन्यातला नाही, मोजणीसाठी मारलेल्या फटक्याचा. शटलला सोळा पिसं असतात, वजन पाच ग्रॅमच्या आसपास. हवा त्याला लगेच धरते, आणि समोरच्यापर्यंत पोचेतो वेगाचा बहुतांश भाग गळून पडलेला असतो. म्हणूनच जगातला सर्वांत वेगवान स्मॅशही समोरचे परतवतात, एकदा नाही, पाच-सहा वेळा. दुहेरीत स्मॅश बहुतेकदा गुण घेण्यासाठी मारतच नाहीत. परतावा थोडा उंच यावा आणि नेटवर टपलेल्या जोडीदारानं तो संपवावा, यासाठी मारतात. टाळ्या मागच्याला मिळतात, काम पुढच्यानं केलेलं असतं. चिरागकडे बघायला शिकलं की हे कळतं.

क्रमवारी जोडीची, माणसाची नव्हे

इथून करिअरचा खरा हिशेब सुरू होतो.

जागतिक क्रमवारीत मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरतात. सुपर १००० दर्जाची स्पर्धा जिंकली की १२,००० गुण, सुपर ७५० ला ११,०००, सुपर ५०० ला ९,२००, सुपर ३०० ला ७,०००. त्याखाली लहान स्पर्धांची उतरंड. वर्षानं ते गुण गळतात. म्हणजे गेल्या वर्षी याच आठवड्यात तुम्ही स्पर्धा जिंकली असेल आणि यंदा पहिल्या फेरीत हरलात, तर नुसतं हरत नाही, घसरताही.

हे एकेरीलाही लागू आहे. फरक असा की दुहेरीत हे गुण जोडीच्या नावावर जमा होतात. सात्विक-चिराग १० ऑक्टोबर २०२३ रोजी जगात पहिले झाले. असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय जोडी. पण त्या दिवशी एकटा सात्विक पहिला नव्हता आणि एकटा चिरागही नव्हता. जोडी पहिली होती. उद्या सात्विकनं दुसऱ्या कुणाबरोबर नाव दिलं तर त्या नव्या जोडीच्या क्रमवारीचं पान कोरं असतं. दहा वर्षांची पुण्याई खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात भरता येत नाही. संयुक्त खातं आहे ते, सह्या दोघांच्या लागतात.

वर मोठ्या क्रमांकाबरोबर सक्ती येते. पहिल्या दहा जोड्यांना सुपर १००० आणि सुपर ७५०च्या सगळ्या स्पर्धा खेळाव्याच लागतात, शिवाय सुपर ५०० पैकी ठरावीक. मोठी स्पर्धा मंगळवार ते रविवार चालते आणि जिंकायला पाच सामने. जकार्ता, बर्मिंगहॅम, क्वालालंपूर, पॅरिस, मग परत पूर्वेकडे. खांदे, कंबर आणि झोप या तिन्हींची वाट लागते.

पैशाची गोष्ट

जून २०२३मध्ये सात्विक-चिरागनं जकार्तात इंडोनेशिया ओपन जिंकली. सुपर १००० दर्जाचं भारतीय जोडीचं पहिलं विजेतेपद. अंतिम फेरीत समोर मलेशियाचे ऍरॉन चिया आणि सोह वूई यिक होते, तेव्हाचे जगज्जेते, आणि त्याआधीच्या आठही भेटींत त्यांनी आपल्या जोडीला हरवलं होतं. नवव्यांदा मात्र २१-१७, २१-१८ असे आपण जिंकलो.

आता बक्षीस. स्पर्धेची एकूण रक्कम साडेबारा लाख डॉलर. नियमानुसार अशा स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला एकूण रकमेच्या ७ टक्के मिळतात आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७.४ टक्के. ऐकायला बरं वाटतं, दुहेरीला जास्त! पण हे जोडीला. त्या दिवशी पुरुष एकेरी जिंकणाऱ्या व्हिक्टर ऍक्सेलसनच्या वाट्याला ८७,५०० डॉलर आले. सात्विक-चिरागला मिळून ९२,५००, म्हणजे प्रत्येकी ४६,२५०. कर जायच्या आधी. तीच स्पर्धा, तेवढेच पाच सामने, आणि हातात निम्म्याहून थोडं अधिक.

ही झाली शिखरावरची कमाई. त्याच वर्षी त्यांनी जिंकलेली स्विस ओपन सुपर ३०० दर्जाची होती, एकूण रक्कम २ लाख १० हजार डॉलर. विजेत्या जोडीचा वाटा तिथे ७.९ टक्के असतो. म्हणजे अख्खी स्पर्धा जिंकून एका खेळाडूला ८,२९५ डॉलर. आणखी खाली, जिथे करिअर सुरू होतं त्या इंटरनॅशनल चॅलेंज स्पर्धांत जिंकूनही विमानाचं तिकीट आणि हॉटेल सुटेल याची खात्री नसते. हरलेल्यांचं तर बोलायलाच नको.

मग ही मुलं जगतात कशावर? आपल्याकडे उत्तर अनेक तुकड्यांचं आहे. तेल कंपन्या, रेल्वे यांसारख्या सरकारी आस्थापनांमधली खेळाडूंची नोकरी हा जुना आणि अजूनही सर्वांत भक्कम आधार. निवडक खेळाडूंना केंद्र सरकारच्या टॉप्स योजनेतून प्रशिक्षण, परदेशवारी यांचा खर्च आणि महिना पन्नास हजारांचा भत्ता मिळतो. रॅकेट कंपनीचा करार, वेगवेगळ्या खासगी संस्थांची मदत, आणि मोठं पदक आलं की सरकारी बक्षिसं. शेवटच्यावर फार भरवसा ठेवू नये. जुलै २०२४मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेल्या क्रिकेट संघाला राज्य सरकारनं ११ कोटी जाहीर केले, तेव्हा चिरागनं जाहीरपणे विचारलं होतं की थॉमस चषक जिंकणाऱ्या संघातल्या महाराष्ट्राच्या खेळाडूला का विसरलात. प्रश्न रास्त होता. बॅडमिंटनमधला थॉमस चषक म्हणजे पुरुषांचा सांघिक विश्वचषकच की.

आणि तो चषक दुहेरीशिवाय आलाच नसता. १५ मे २०२२, बँकॉक, समोर चौदा वेळचा विजेता इंडोनेशिया. पहिला एकेरीचा सामना लक्ष्य सेननं काढला. दुसरा दुहेरीचा. इंडोनेशियानं मोहम्मद अहसानबरोबर सुकामुल्जोला उतरवलं, दोघंही महान, पण रोजची जोडी नव्हे. आपले पहिला गेम १८-२१ हरले, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवत २३-२१ केला आणि तिसरा २१-१९ घेतला. मग किदंबी श्रीकांतनं तिसरा सामना जिंकून काम पूर्ण केलं. दोन मोठे खेळाडू आणि एक मुरलेली जोडी यांतला फरक पाहायचा असेल तर हा सामना अजून इंटरनेटवर आहे.

एक दुखावला की दोघं घरी

२०१९च्या ऑगस्टमध्ये ही जोडी थायलंड ओपन जिंकली, चीनच्या तेव्हाच्या जगज्जेत्या ली जुनहुई-लिऊ युचेनना हरवून. पंधराच दिवसांत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. सात्विकचा खांदा दुखावला आणि दोघांनी माघार घेतली. चिराग ठणठणीत होता. २०२४च्या एप्रिलमध्ये परत तेच: सात्विकचा खांदा, आशियाई अजिंक्यपदाचा बचाव हुकला. २०२५च्या मार्चमध्ये पाळी उलटली. ऑल इंग्लंडमध्ये चिरागच्या पाठीनं दगा दिला आणि सामना अर्धवट सोडावा लागला. काही आठवड्यांत दीड वर्षापूर्वीची पहिल्या क्रमांकाची जोडी पहिल्या विसाच्याही बाहेर गेली.

एकेरीच्या खेळाडूला एका शरीराची काळजी. दुहेरीत दुखापतीची शक्यता दोन शरीरांची, आणि शिक्षा मात्र पूर्ण जोडीला. त्यामुळे दुहेरीचे खेळाडू हल्ली दोन प्रकार खेळायचं टाळतात. सात्विक सुरुवातीची काही वर्षं अश्विनी पोनप्पाबरोबर मिश्र दुहेरीही खेळायचा. जानेवारी २०२१मध्ये दोघं बँकॉकच्या सुपर १००० स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेले होते. पुढे त्यानं मिश्र दुहेरी सोडली. पुरुष दुहेरीत पदकं हवी असतील तर खांदा एकाच ठिकाणी झिजवायचा, हा साधा व्यवहार.

मूळची गोव्याची, दुबईत जन्मलेली तनिषा क्रास्टो मात्र दोन्ही डगरींवर उभी आहे. पॅरिस ऑलिंपिकला ती महिला दुहेरीत अश्विनीबरोबर गेली. अश्विनी १९८९ची, तनिषा २००३ची. एकीचं शेवटचं ऑलिंपिक, दुसरीचं पहिलं. गटातले तिन्ही सामने गेले आणि अश्विनीनं हे आपलं शेवटचं ऑलिंपिक असल्याचं सांगितलं. तनिषाची मिश्र दुहेरी ध्रुव कपिलाबरोबर सुरू आहे. मोठ्या वयाच्या जोडीदाराबरोबर खेळताना शिकायला भरपूर मिळतं, पण घड्याळ दोघींचं वेगळं चालत असतं.

ऑलिंपिकचं गणित

ऑलिंपिकमध्ये दुहेरीच्या प्रत्येक प्रकारात सोळा जोड्या. एका देशाला जास्तीत जास्त दोन जोड्या, आणि त्याही दोन्ही पहिल्या आठांत असतील तरच, नाहीतर एक. चीन किंवा इंडोनेशियातली जगातली दहाव्या क्रमांकाची जोडी घरी बसू शकते. एकदा आत गेलं की चार-चार जोड्यांचे गट आणि प्रत्येक गटातून दोन पुढे.

सात्विक-चिरागला टोकियोत हे गणित चावलं. पहिल्याच सामन्यात त्यांनी तैवानच्या ली यांग-वांग ची-लिनना हरवलं, शेवटचा गेम २७-२५. मग गिडिऑन-सुकामुल्जोकडून सरळ दोन गेममध्ये हरले. ब्रिटनच्या जोडीला हरवलं. तीनपैकी दोन विजय! पण तैवाननं इंडोनेशियाला हरवलं आणि तिघांचेही दोन-दोन विजय झाले. मग जिंकलेल्या गेममधून हरलेले गेम वजा केले गेले. इंडोनेशिया अधिक तीन, तैवान अधिक दोन, भारत अधिक एक. आपली जोडी बाहेर. आणि ज्यांना आपण हरवलं ते ली-वांग पुढे सुवर्णपदक घेऊन गेले.

पॅरिसमध्ये २०२४ला आपले पदकाचे दावेदार होते. गटात पहिले आले. उपांत्यपूर्व फेरीत समोर पुन्हा चिया-सोह. पहिला गेम २१-१३ असा सहज घेतला, मग १४-२१, १६-२१. संपलं. प्रशिक्षक मथायस बो, स्वतः लंडन ऑलिंपिकचे रौप्यविजेते, त्यांनी त्यानंतर प्रशिक्षणातून निवृत्ती घेतली. काही महिन्यांनी टॅन किम हर परत आले. ज्यांनी जोडी बांधली त्यांच्याकडेच ती दुरुस्तीला गेली म्हणायची. ऑगस्ट २०२५मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पॅरिसलाच, त्याच हॉलमध्ये होती. उपांत्यपूर्व फेरीत समोर तेच चिया-सोह. यावेळी निकाल २१-१२, २१-१९, आपल्या बाजूनं. २०२२मधल्या पहिल्यानंतरचं त्यांचं हे दुसरं जागतिक कांस्य.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्याचा एक धागा आपल्याकडे येतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी सात्विक-चिरागनं कोरियाच्या जोडीला हरवून आशियाई खेळांतलं भारताचं बॅडमिंटनमधलं पहिलं सुवर्ण घेतलं. त्याआधी पुरुष दुहेरीत आपल्याला आशियाई पदक मिळालं होतं ते थेट १९८२ला, दिल्लीत. ते कांस्य प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांचं. मधली एक्केचाळीस वर्षं पुरुष दुहेरीत काहीच नाही. गंधे-डिसा हे नाव आज हॉलमध्ये रोज खेळणाऱ्या किती जणांना माहीत आहे, हे एकदा विचारून बघितलं. बाकावरच्या काकांनाच माहीत होतं.

शेवट कसा होतो

दुहेरीत पायांपेक्षा अंदाज आणि हात जास्त चालतात, त्यामुळे करिअर लांबू शकतं. इंडोनेशियाचा हेंद्रा सेतियावान २००८ला मार्किस किडोबरोबर ऑलिंपिक विजेता झाला. किडोपासून वेगळा झाल्यावर त्यानं मोहम्मद अहसानबरोबर नव्यानं सुरुवात केली आणि २०१३, २०१५, २०१९ अशी तीन जागतिक विजेतेपदं घेतली. शेवटचं मिळालं तेव्हा तो पस्तिशीत होता आणि लोक दोघांना प्रेमानं ‘डॅडीज’ म्हणायचे. २६ जानेवारी २०२५ रोजी जकार्ताच्या इस्तोरा सेनायान स्टेडियममध्ये हेंद्रा आणि अहसान यांनी एकाच दिवशी निरोप घेतला. हेंद्रा चाळीस वर्षांचा होता.

सगळ्यांना असं एकत्र थांबता येत नाही. टोकियोत आपल्याकडून हरूनही जिंकलेल्या ली यांग आणि वांग ची-लिन यांनी पॅरिसमध्ये पुन्हा सुवर्ण घेतलं, तेव्हाच्या पहिल्या क्रमांकाच्या चिनी जोडीला हरवून. ऑलिंपिकमध्ये पुरुष दुहेरीचं सुवर्ण लागोपाठ दोनदा दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही. त्यानंतर ली यांगनं रॅकेट खाली ठेवली. वर्षभरानं तो तैवानचा पहिला क्रीडामंत्री झाला. वांग ची-लिनला अजून खेळायचं होतं. त्यानं चिऊ हसियांग-चिए या जोडीदाराबरोबर नाव नोंदवलं, आणि दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं असलेल्या त्या माणसाच्या नव्या जोडीचं क्रमवारीतलं खातं शून्यावरून उघडलं.